खिडकीतली नदी कोणाची?

हॉटेलात खोल्यांचे दोन दर होते. एक डोंगराच्या बाजूच्या खोलीचा, दुसरा 'रिव्हर व्ह्यू'चा. पलंग तोच, गादी तीच, न्हाणीघरातली फरशीही तीच. फरक एका रात्रीला साडेचार हजार रुपयांचा. म्हणजे नदी दिसायचे साडेचार हजार. आम्ही ते भरले, आणि खुशीत भरले, हे आधीच कबूल करतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने ठरवलेली सहल होती. पंचवीस वर्षांपूर्वीच्या 'शिमला-कुलू-मनाली'त आम्ही बसस्टँडमागच्या लॉजवर राहिलो होतो, बादलीभर गरम पाण्याचे वेगळे पैसे देऊन. यावेळी हात आखडता घ्यायचा नाही, असं घरात ठरलंच होतं.

खोली सुरेख होती, खोटं कशाला बोलू? खिडकीला लागून बाथटब, टबातून बियास दिसते, कुलू-मनालीच्या खोऱ्यातली नदी. ऑक्टोबर असल्याने पाणी निवळशंख हिरवं, आणि रात्रभर तो आवाज. पहिल्या रात्री बायको म्हणाली, "पाऊस पडतोय का रे?" पाऊस नव्हता, नदी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवळ ओलांडून खाली गेलो. हिरवळ संपते तिथे डंगा सुरू होतो. डंगा म्हणजे इकडच्या भाषेत आधारभिंत: खाली सिमेंट, वर तारेच्या जाळीत भरलेले गोटे. तो नवाकोरा होता. आमचा ड्रायव्हर तिथेच बिडी ओढत उभा होता. त्याने बोटाने दाखवलं. ही हिरवळ पूर्वी दुप्पट होती, तिकडे पोरांचे झोपाळे होते, त्यापलीकडे शेकोटीची जागा. "दो हज़ार तेईस में नदी सब ले गई. अब फिर भर रहे हैं." भरत होतेच. जेसीबी नदीच्या पात्रातून गोटे उचलून डंग्यामागे टाकत होता. नदीचेच गोटे, नदीच्याच जागेत, नदीला अडवायला.

तेव्हापासून ते साडेचार हजार डोक्यातून जाईनात. पलंग हॉटेलचा, टब हॉटेलचा, टॉवेल हॉटेलचे. नदी कोणाची? जी वस्तू हॉटेलच्या मालकीची नाही, तिचे पैसे त्याने माझ्याकडून कसे घेतले, आणि मी ते का दिले?

गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तीन दशकांपूर्वी देऊन ठेवलंय, आणि तेही याच खोऱ्यातल्या, याच नदीकाठच्या एका हॉटेलच्या निमित्ताने. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ, १३ डिसेंबर १९९६. स्पॅन मोटेल्स नावाच्या कंपनीचं रिसॉर्ट बियासच्या काठावर होतं, आणि तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री कमलनाथ यांच्या कुटुंबाचा त्या कंपनीशी संबंध होता. २७ बिघ्यांहून थोडी अधिक वनजमीन आधी बळकावली गेली आणि मग १९९४ मध्ये रीतसर भाडेपट्ट्याने दिली गेली. १९९५ च्या सप्टेंबरात नदीला पूर आला आणि ती या जमिनीत घुसली. त्यावर उपाय काय केला, तर बुलडोझर लावून नदीचा प्रवाहच वळवला. हॉटेल हलवण्यापेक्षा नदी हलवणं सोपं वाटलं!

न्यायालयाने पट्टा रद्द केला आणि जागा मूळ स्थितीत आणण्याचा खर्च कंपनीवर टाकला. पुढे २००२ मध्ये १० लाख रुपयांची दंडात्मक भरपाईही द्यायला लावली. पण निकालाचं मोल रकमेत नाही. नदी, तिचं पात्र, तिचा काठ, वाहतं पाणी, हवा यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे, हे तत्त्व आपल्या कायद्यात तिथून रुजलं. मूळ कल्पना जुनी, रोमन कायद्यातली: हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा सगळ्यांचे. विश्वस्त ठेव सांभाळतो, विकत नाही. देवस्थानाच्या पंचांनी देवाचे दागिने भाड्याने लावले तर आपण काय म्हणू?

हा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. त्याच खोऱ्यातून भुंतर ते मनाली गाडीने जाताना मात्र तो कुठेच दिसत नाही. रस्ता आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात जिथे म्हणून चार खोल्या बसतील तिथे हॉटेल, कॅफे, राफ्टिंगचं दुकान, नाहीतर 'येथे हॉटेल होत आहे' असा फलक.

माझं म्हणणं थोडक्यात असं: हिमालयातल्या खोऱ्यात महागडं हॉटेल असायला हरकत नाही, पण नदीच्या पात्रात, पूरक्षेत्रात आणि नाल्याच्या तोंडाशी कुठलंच हॉटेल नको, महाग नको आणि स्वस्तही नको. जे आहे ते वाहून गेलं, तर तिथे परत उभं राहू देऊ नये. 'रिव्हर व्ह्यू' या नावाने जे विकलं जातं ते बहुतेक वेळा नदीचं दृश्य नसतं, नदीची जागा असते.

ही जागा नदीची कशी, हे समजायला भूगर्भशास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. डोंगराळ मुलुखात सपाट जमीन आपोआप होत नाही, ती कुणीतरी आणून टाकलेली असते. नदीकाठचा सपाट पट्टा नदीने पुरात आणून पसरलेला असतो. बाजूच्या डोंगरातून उतरणारा नाला मुख्य खोऱ्याला मिळतो तिथे गोटे, वाळू, माती पंख्यासारखी पसरते. तो पंखा म्हणजेही सपाट, उन्हाची, पाण्याजवळची, मोह पाडणारी जागा. हॉटेलवाल्याला नेमकी हीच हवी असते, कारण गाड्या लावायला आणि हिरवळ करायला सपाटी लागते. पण ज्या पाण्याने ती जागा घडवली ते पाणी निघून गेलेलं नसतं. पंधरा, तीस, साठ वर्षांनी ते परत येतं, आणि सोबत पुन्हा गोटे आणतं. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तराखंडातल्या धराली गावात खीरगंगा नाल्यातून असाच चिखल-दगडांचा लोंढा आला आणि नाल्याच्याच पंख्यावर उभी असलेली हॉटेलं, घरं, दुकानं काही सेकंदांत नाहीशी झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस मनालीत बियासने काठावरची बांधकामं ओढून नेली. जुलै २०२३ तर ताजाच होता: कुलू-मनाली महामार्ग जागोजागी तुटला आणि हजारो पर्यटक अडकून पडले.

'ढगफुटी झाली' असं म्हणून आपण मोकळे होतो. ढग फुटतातही, आणि हवामान बदलल्याने अशा पावसाची भीती वाढली आहे, हे खरंच. पण पाऊस डोंगरावर पडतो आणि माणूस खाली मरतो. त्या दोघांच्या मधे कुणाची तरी सही असते.

जुन्या लोकांना हे कळत होतं, हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. नकाशा बघितला तरी कळतं. नग्गर, जगतसुख, जुनं मनाली, वशिष्ठ ही सगळी जुनी गावं नदीपासून वर, उतारावर आहेत. नदीकाठी शेतं, कुरणं, फार तर घराट, म्हणजे पाणचक्की. शेत वाहून गेलं तर एक हंगाम जातो, घर वाहून गेलं तर वंश जातो. बियासचं संस्कृत नाव विपाशा. पुत्रशोकाने वसिष्ठांनी स्वतःला पाशांनी बांधून नदीत झोकून दिलं आणि नदीने ते पाश सोडवून त्यांना काठावर आणून ठेवलं, अशी कथा. पाश सोडवणं हे जिचं नाव, तिला आपण तारेच्या जाळीत बांधायला निघालोय.

आम्ही एक दुपार नग्गरला काढली. तिथला वाडा (सगळे त्याला कॅसल म्हणतात) सुमारे पाचशे वर्षांचा आहे. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे आलटून-पालटून थर, मधे चुना-सिमेंट काही नाही. काठकुणी म्हणतात या पद्धतीला. धरणी हलली की लाकडाचे सांधे थोडे हलतात, आणि इमारत उभी राहते. ४ एप्रिल १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात जवळपास वीस हजार माणसं गेली. हा वाडा टिकला. आणि तो आज काय आहे? हॉटेल! राज्य पर्यटन महामंडळ चालवतं. त्याच्या सज्जात उभं राहिलं की सबंध खोरं पायाशी दिसतं, बियासची रुपेरी रेघ धरून. नदी बघायची तर ती इथूनच बघावी. टबातून दिसते ती नदी नव्हे, नदीचा एक तुकडा.

नदी सोडा, पाण्याचाही हिशेब मांडू. राष्ट्रीय इमारत संहितेत चार तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलसाठी एका खाटेमागे रोज ३२० लिटर पाणी धरलेलं आहे. त्यात धोबीखाना नाही, स्वयंपाकघर नाही, नोकरवर्ग नाही, पोहण्याचा तलाव नाही. ते सगळं वेगळं. आणि खेड्यातल्या माणसाला नळाने किती द्यायचं? जल जीवन मिशनचा मापदंड आहे माणशी ५५ लिटर. म्हणजे पाहुण्याची एक खाट जवळजवळ सहा गावकऱ्यांचं पाणी पिते, कपडे धुण्याआधीच. माझा तो टब एकदा भरायला तीन माणसांचा दिवस लागत असावा. पहाडात पाणी भरपूर, असा आपला समज. नदी डोळ्यांसमोर खळाळत असते ना! पण पहाडातली गावं नदीचं नव्हे, झऱ्यांचं पाणी पितात, आणि नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतीय हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटत चालले आहेत. त्याच २०१८ च्या मे महिन्यात शिमल्यात लोक आठ-आठ दिवस नळाची वाट बघत होते, आणि 'पर्यटकांनो, येऊ नका' असं खुद्द शिमलेकर सांगत होते. सफरचंदाचा हंगाम सोडला तर ज्या शहराचं पोट पर्यटकांवर चालतं, त्या शहराने असं म्हणावं!

आता समोरची बाजू. ती पोकळ नाही, म्हणून जरा थांबून ऐकली पाहिजे.

पहिला आक्षेप रोजगाराचा. पुण्या-मुंबईत बसून पर्यावरणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी पहाडी पोरांच्या पोटावर पाय देऊ नये, असा. मला तो मान्य आहे. पण आमच्या हॉटेलात मी जेवढं विचारलं तेवढ्यात, स्वयंपाकी बाहेरचे, व्यवस्थापक बाहेरचा, हॉटेल चालवणारी कंपनी बाहेरची. स्थानिक होते ते रखवालदार, ड्रायव्हर, खोल्या झाडणारे. हिमाचलचा १९७२ चा कूळ आणि जमीन सुधारणा कायदा, त्याचं ११८ वं कलम, बाहेरच्याला शेतजमीन सहजी विकत घेऊ देत नाही. फार शहाणा कायदा. पण सरकारी परवानगी काढून भाडेपट्टा करता येतोच की. मालक पहाडी, पाटी पहाडी, धंदा आणि नफा भलत्याचा. न्याहारीला सतरा पदार्थ होते, त्यात सिड्डू (इथला वाफवलेला भरला पाव) नव्हता. मागितल्यावर आला, तुपाशिवाय, आणि त्याचं बिल वेगळं लागलं. हे सगळं हॉटेल शंभर मीटर वर, पक्क्या उतारावर असतं तर एकाही पोराची नोकरी गेली नसती. उलट पूर आला की हीच पोरं पहिली बेकार होतात. मालकाला विमा असतो.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. तो म्हणतो, गर्दीपेक्षा श्रीमंत पाहुणा बरा. थोडे लोक, जास्त पैसा, कमी कचरा. मनालीतली सहा-सहा मजली स्वस्त हॉटेलं बघितली, की हे पटायला लागतं. मोठ्या हॉटेलात निदान सांडपाण्याचं यंत्र तरी असतं, लहानात ते असेलच असं नाही. शिमल्यात अश्विनी खड्ड नावाच्या ओढ्याच्या पाण्यात मैला मिसळून २०१५-१६ मध्ये काविळीची साथ आली, ती काही पंचतारांकित हॉटेलमुळे नव्हे. शहराच्या स्वतःच्या मलशुद्धीकरण केंद्राची ती करणी होती. तेव्हा खापर एकट्या ऐषारामावर फोडण्यात अर्थ नाही. चौपदरी महामार्गाने नदीचा काठ कुरतडला, जलविद्युत बोगद्यांचा मलबा कुठे गेला, हे प्रश्न हॉटेलांहून मोठे असतील. मी हॉटेलवर बोलतोय, कारण तिथला गिऱ्हाईक मी आहे.

पण 'थोडे लोक, जास्त पैसा' म्हणणारे नेहमी भूतानचं नाव घेतात, आणि भूतान अर्धंच सांगतात. भूतानने परदेशी पाहुण्यावर सप्टेंबर २०२२ पासून रात्रीमागे २०० डॉलरचं शाश्वत विकास शुल्क लावलं, वर्षभराने ते १०० वर आणलं. भारतीयांना रोजचे १२०० रुपये. पारोच्या खोऱ्यात राहा किंवा बुमथांगला, साध्या खोलीत राहा किंवा राजेशाही, शुल्क तेच, आणि ते जातं सरकारकडे: आरोग्य, शाळा, जंगलासाठी. देशाच्या राज्यघटनेतच ६० टक्के भूभाग कायम जंगलाखाली ठेवण्याचं बंधन आहे. म्हणजे तिथे खोऱ्यात येण्याची किंमत खोऱ्याला मिळते. आमच्या साडेचार हजारांतली दमडीही बियासला मिळाली नाही. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 'ऐषाराम' कशाला म्हणायचं हे सरकारला नीट कळतं. पण तो कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात. ज्या पंचायतीच्या झऱ्यावर हॉटेलचा टँकर भरतो तिच्या हाती काय येतं? महाग असणं आणि भार कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट एका पाहुण्यामागे जागा जास्त, पाणी जास्त, गरम करायला वीज जास्त, डोंगर कापून केलेली पार्किंग जास्त.

आणि डंग्याचे पैसे? हॉटेलच्या दारातला डंगा हॉटेलने बांधला असेल, पण प्रत्येक पुरानंतर ओरड होते ती सरकारने सबंध नदीला दोन्ही बाजूंनी भिंती घालाव्यात अशी. पलचानपासून औटपर्यंत बियासला असं बांधून काढायची योजना वर्षानुवर्षं फिरते आहे. बांधलेली नदी अरुंद होते, अरुंद नदी वेगाने धावते, आणि वेगवान नदी खालच्या गावाला गाठते. वरच्याचं दृश्य वाचवायचं, खालच्याचं शेत घालवायचं, आणि खर्च तुमच्या-माझ्या करातून. हा हिशेब कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात मला दिसलेला नाही.

कायदा काय करतो? समुद्रकिनाऱ्याला १९९१ पासून सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नियम आहे. भरतीरेषेपासून मोजून बांधकामं रोखली जातात, पळवाटा काढल्या जातात, पण निदान रेषा तरी आहे. नदीसाठी सबंध देशाला लागू अशी रेषा आजही नाही. पूरक्षेत्राचे पट्टे पाडून बांधकाम रोखावं, असा नमुना मसुदा केंद्राने राज्यांना १९७५ मध्ये पाठवला होता. पन्नास वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या राज्यांनी तसा कायदा केला. जोशीमठचंही तसंच: शहर जुन्या दरडीच्या मलब्यावर बसलंय, जड बांधकाम नको, असं मिश्रा समितीने १९७६ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये तिथली दोन हॉटेलं एकमेकांवर रेलली, तेव्हा तो अहवाल पुन्हा उघडला गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एका हॉटेल कंपनीच्याच प्रकरणात म्हणावं लागलं, की असंच चालू राहिलं तर एक दिवस हिमाचल प्रदेश नकाशावरून नाहीसा होईल. महसूल म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही न्यायालयानेच म्हटलं. न्यायमूर्ती इतक्या उघडपणे घाबरलेले सहसा दिसत नाहीत.

मला अवघड काही सुचवायचं नाही. पुराची सर्वांत वरची खूण प्रत्येक खोऱ्यात लोकांना माहीत असते. ती सरकारी नकाशावर आणा, आणि तिच्याखाली नवी परवानगी बंद. तिच्याखालचं जे पुरात गेलं त्याला भरपाई द्या, पण वर सरकून बांधण्यासाठी. ज्याचं खरंच वर काही नाही, अशा चहाच्या टपरीवाल्याला सरकारने जागा द्यावी, चाळीस खोल्यांच्या मालकाला नव्हे. हॉटेलच्या पाण्याला मीटर आणि चढता दर, आणि तो पैसा पंचायतीला. शेवटचं आमच्यासारख्यांसाठी: बुकिंग करताना पोहण्याचा तलाव आहे का, कुत्रं चालतं का, उशी मऊ आहे का, सगळं कळतं. इमारत पूररेषेच्या किती वर आहे, पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो, या तीन ओळीही तिथे छापायला लावा. हॉटेलवाले नाराज होतील. काही गिऱ्हाईकंही होतील. सुट्टीवर असताना मैल्याचा विचार कुणाला हवा असतो?

निघायच्या दिवशी काउंटरवर अभिप्रायाचा कागद दिला. स्वच्छता, न्याहारी, वाय-फाय, कर्मचाऱ्यांची वागणूक, प्रत्येकाला पाच तारे. तळाशी 'इतर सूचना' अशी दोन ओळींची जागा होती. तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं, की नदीचे साडेचार हजार आपण कोणत्या हक्काने घेतलेत ते कळवावं. काउंटरवरच्या मुलाने वाचलं, हसला, म्हणाला, "सर, नोट कर लिया," आणि सफरचंदाच्या रसाच्या दोन बाटल्या भेट दिल्या. मी सहज विचारलं, तुझं घर कुठे. त्याने काचेतून वर, पार देवदारांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"ऊपर है, सर. पुराना घर है, दादाजी का."

खाली काही जमीन होती का तुमची?

"थी ना. यही तो थी," तो पायाखालच्या गालिच्याकडे बघत म्हणाला. "लीज पे दे दी."